प्रकाशाचा हिशेबनीस

बँकेच्या काउंटरवर पाचशेची नोट दिली की रोखपाल ती एका जांभळट दिव्याखाली धरतो. त्या दिव्याचा प्रकाश डोळ्यांना जेमतेम जाणवतो. पण त्याखाली नोटेवरचा क्रमांक एकाएकी उजळतो आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू रंगीत ठिणग्यांसारखे चमकू लागतात. खऱ्या नोटेची ती एक खूण. हा उजेड दिव्याचा नव्हे, नोटेचा आहे. दिव्यातून निघणारा न दिसणारा प्रकाश ती पिते आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकते.

काही पदार्थांच्या अंगी असलेला हा गुण पहिल्यांदा नीट उलगडून दाखवला तो केंब्रिजमधल्या एका बत्तीस वर्षांच्या प्राध्यापकाने, १८५२ साली. त्यांचे नाव सर जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स. विज्ञान शाखेत शिकलेल्यांना हे नाव ठाऊक असते, पण ते सूत्र म्हणून. द्रवात पडणाऱ्या गोळीचा एक नियम आणि उच्च गणितातले एक प्रमेय यांच्यामागे हाडामांसाचा माणूस होता, याचा विचार परीक्षेच्या घाईत राहून जातो. पाण्यातला किंवा रक्तातला प्राणवायू आज प्रकाशाच्या साहाय्याने मोजता येतो, त्या विद्येच्या मुळाशीही हाच माणूस आहे. त्याची ही कथा.

धर्मोपदेशकाचा धाकटा मुलगा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्लायगो परगण्यात स्क्रीन नावाचे एक लहान गाव आहे. १३ ऑगस्ट १८१९ रोजी तिथल्या धर्मोपदेशकाच्या घरी जॉर्जचा जन्म झाला. भावंडांत तो सर्वांत धाकटा. वडिलांनी त्याला लॅटिन शिकवले आणि अंकगणित शिकवले ते चर्चमधल्या कारकुनाने. तेराव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी डब्लिनला धाडले. दोनच वर्षांत वडील वारले. पुढे ब्रिस्टलला दोन वर्षे काढून १८३७ साली तो केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाला.

केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' म्हणत आणि पहिल्याला 'सीनियर रँग्लर'. मराठी घरांना हा शब्द नवा नाही. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली हा मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले आणि 'रँग्लर' ही पदवी त्यांच्या नावाला जन्मभर चिकटली. त्याच परीक्षेत जॉर्ज स्टोक्स १८४१ साली पहिला आला होता. कॉलेजने लगेच त्याला फेलो करून घेतले.

तरुण स्टोक्स यांनी प्रथम हात घातला तो वाहत्या द्रवांच्या गणिताला. पाणी, तेल, हवा यांच्या अंगी एक चिकटपणा असतो. त्यातून जाणाऱ्या वस्तूला तो मागे ओढतो. ही ओढ किती, याचा हिशेब त्यांनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात मांडला. त्यातून एक साधे कोडे सुटले: ढगात पाणी असते, तर ढग खाली का पडत नाही? थेंब दहापट लहान झाला की त्याचा पडण्याचा वेग शंभरपट कमी होतो. ढगातले कण इतके बारीक असतात की ते पडतात, पण इतक्या संथपणे की हवेची बारीकशी झुळूकही त्यांना तोलून धरते. पुढे अमेरिकेत मिलिकन यांनी तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला, तोही याच हिशेबाच्या आधाराने.

१८४९ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, स्टोक्स ल्युकेशियन प्राध्यापक झाले. एके काळी न्यूटन ज्या आसनावर बसले ते हे आसन. मान मोठा होता, पण पगार तुटपुंजा. म्हणून काही वर्षे त्यांना लंडनच्या सरकारी खाणविद्यालयातही शिकवावे लागले. न्यूटनच्या गादीवर बसलेला माणूस पोटासाठी दुसरी नोकरी करत होता, हे वाचले की प्रतिष्ठा आणि प्रपंच यांची खाती वेगळी असतात हे पुन्हा एकदा पटते.

कोयनेलची नळी

हिवतापावरचे क्विनाइन आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला 'कोयनेल' म्हणून माहीत होते. त्याचा कडूपणा ज्याने चाखला तो विसरला नाही. याच औषधाचे आम्लयुक्त पाणी दिसायला निव्वळ पाण्यासारखे स्वच्छ असते. पण उन्हात धरले की त्याच्या पृष्ठभागावर निळसर झाक उमटते. जॉन हर्शेल या नामवंत ज्योतिर्विदाने १८४५ साली हे नोंदवले होते. त्याचे कारण मात्र कळत नव्हते.

स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत एका फटीतून सूर्यप्रकाश आत घेतला आणि लोलकातून नेऊन त्याचा वर्णपट पसरवला. मग कोयनेलच्या पाण्याने भरलेली नळी त्या रंगांतून हळूहळू सरकवत नेली. तांबड्यात काही नाही, पिवळ्यात नाही, हिरव्यातही नाही. जांभळ्याच्या टोकाशी नळी आली आणि उजळू लागली. त्यांनी ती आणखी पुढे नेली, जिथे डोळ्यांना प्रकाशच दिसत नव्हता. तिथे, त्या अंधारात, नळी निळ्या तेजाने चमकत होती.

अर्थ स्पष्ट होता. जांभळ्याच्या पलीकडचे अतिनील किरण कोयनेल शोषून घेत होते आणि त्यांच्या बदल्यात निळा प्रकाश देत होते. आत जाणारा प्रकाश एका रंगाचा, बाहेर येणारा दुसऱ्या. आणि बाहेर येणाऱ्याची तरंगलांबी नेहमी जास्त, असा नियम त्यांनी सांगितला. व्यवहाराच्या भाषेत सांगायचे तर मोठी नोट मोडली की हातात सुटे थोडे कमीच येतात, मधला काही भाग उष्णतेच्या रूपाने कापला जातो. रंगांतल्या या अंतराला आज 'स्टोक्स विस्थापन' म्हणतात. फ्लुओरस्पार नावाच्या खनिजातही हा गुण दिसतो, म्हणून या चमकेला 'फ्लुओरेसन्स' हे नाव त्यांनीच दिले. मराठीत आपण तिला प्रतिदीप्ती म्हणतो. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना रम्फर्ड पदक दिले.

पंचावन्न पानांचे पत्र

असा हा विद्वान बोलायला अतिशय मितभाषी होता. आर्माच्या वेधशाळेचे प्रमुख रॉबिन्सन यांची कन्या मेरी हिच्याशी त्यांचे लग्न ठरले. लग्नाआधी त्यांनी तिला एक पत्र लिहिले, ते तब्बल पंचावन्न पानांचे. प्रेमपत्र म्हणून सुरू झालेले हे लिखाण हळूहळू आत्मपरीक्षणाकडे वळले. वर्षानुवर्षे एकट्याने गणितात बुडालेल्या आपल्याला माणसावर हवे तितके प्रेम करता येईल का, अशी शंका त्यांनी प्रामाणिकपणे तिच्यापुढे ठेवली. प्रामाणिकपणाचा हा डोस इतका जबर होता की लग्न मोडण्याची वेळ आली.

सुदैवाने मोडले नाही. १८५७ च्या जुलैमध्ये विवाह झाला. तेव्हाच्या नियमानुसार विवाहित माणसाला कॉलेजची फेलोशिप ठेवता येत नसे. स्टोक्स यांनी ती सोडली आणि नियम बदलल्यावर १८६९ साली ती त्यांना परत मिळाली. संसार दीर्घ झाला, पण निर्वेध नव्हे. पाच मुलांपैकी दोन मुली तान्हेपणीच गेल्या. डॉक्टर झालेला एक मुलगाही तिशीतच गेला. घरातल्या या दुःखांविषयी स्टोक्स बाहेर फारसे बोलले नाहीत.

हिराकस, चिंच आणि रक्त

१८६० च्या दशकात त्यांचे लक्ष रक्ताच्या रंगाकडे गेले. जर्मनीत होप्पे-झायलर यांनी १८६२ साली दाखवले होते की पातळ केलेल्या रक्तातून प्रकाश नेला तर वर्णपटात पिवळ्या-हिरव्या भागात दोन काळे पट्टे उमटतात. ते वाचून स्टोक्स यांना एक प्रश्न पडला. धमनीतले रक्त लालभडक, शिरेतले काळपट. मग हे पट्टे दोन्हींत सारखेच असतील का?

त्यांनी घेतलेली सामग्री आपल्या ओळखीची आहे. एक हिराकस, आणि दुसरे चिंचेला आंबटपणा देणारे टार्टारिक आम्ल. त्यांचे मिश्रण क्षारधर्मी करून रक्ताच्या द्रावात घातले की ते त्यातला प्राणवायू काढून घेते. रक्ताचा लाल रंग जांभळट झाला. वर्णपटात पाहिले तर दोन पट्टे नाहीसे होऊन त्यांच्या मधोमध एकच रुंद पट्टा आला होता. मग त्यांनी तो द्राव हवेत चांगला हलवला. लाली परतली आणि दोन पट्टेही परतले. काही वेळाने द्राव पुन्हा जांभळट, हलवला की पुन्हा लाल.

रक्तातले रंगद्रव्य प्राणवायू उचलते, सोडते आणि पुन्हा उचलते, आणि त्याचा रंग प्रत्येक वेळी त्याची साक्ष देतो, हे १८६४ साली असे सिद्ध झाले. रक्ताला धक्का न लावता केवळ त्यातून गेलेल्या प्रकाशावरून त्यातला प्राणवायू वाचता येईल, ही शक्यता त्या हिराकसाच्या बाटलीत जन्मली.

पाच वर्षांनी, १८६९ मध्ये, त्यांनी आणखी एक नोंद केली. चमकणाऱ्या कोयनेलच्या द्रावात मिठाचे आम्ल, म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल, घातले की चमक मंदावते. प्रतिदीप्ती एखाद्या पदार्थाने विझवली जाते, याची ही पहिल्या नोंदींपैकी एक. अशा रीतीने तीन धागे एकाच माणसाच्या हातात आले: चमक, चमक विझणे, आणि प्रकाशाने प्राणवायू ओळखणे. त्यांनी त्यांची गाठ मात्र मारली नाही.

दुसऱ्यांच्या वह्या

असे का झाले, याचे एक उत्तर त्यांच्या टेबलावर सापडते. १८५४ साली ते रॉयल सोसायटीचे सचिव झाले आणि १८८५ पर्यंत, म्हणजे एकतीस वर्षे, राहिले. सोसायटीकडे येणारे निबंध वाचायचे, चुका शोधायच्या, लेखकाला पत्र लिहायचे, दुरुस्त्या सुचवायच्या. क्रूक्स यांच्यासारख्या संशोधकांचे काम त्यांच्या सल्ल्याने धारदार झाले. मागे हजारो पत्रे राहिली. अक्षर दुर्बोध, म्हणून उतारवयात ते टंकयंत्र वापरू लागले. त्यांच्या समकालीन मित्रांना मात्र हळहळ वाटे की हा अव्वल दर्जाचा शास्त्रज्ञ कारकुनीत खर्ची पडतो आहे.

बँकेत आयुष्य काढलेल्या मला या हळहळीची दुसरी बाजू दिसते. शाखेत एखादा अधिकारी असतो, जो स्वतःच्या नावावर मोठा व्यवहार कधी करत नाही. तो दुसऱ्यांच्या खतावण्या तपासतो. त्याची सही कोपऱ्यात असते, लहान. तो सुटीवर गेला की मग कळते, शाखा कोणाच्या जिवावर चालली होती. स्टोक्स यांनी एका अख्ख्या शतकाच्या विज्ञानाच्या खतावण्या तपासल्या.

आणि श्रेयाबाबत त्यांची वृत्ती कशी होती? सूर्याच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा सोडियमसारख्या मूलद्रव्यांमुळे उमटत असाव्यात, हे स्पष्टीकरण त्यांनी मित्र विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांना बोलता बोलता दिले होते. छापले मात्र नाही. १८५९ साली जर्मनीच्या किरखॉफ यांनी तेच स्वतंत्रपणे शोधून सिद्ध केले. थॉमसन हिरीरीने मित्राची बाजू मांडू लागले, पण स्टोक्स यांनी श्रेय घेण्यास स्पष्ट नकार दिला. आपण त्या विचाराचा पाठपुरावा केला नव्हता, मग तो आपला कसा, अशी त्यांची सरळ भूमिका होती. उलट, ज्या प्रमेयाला आज जग स्टोक्सचे म्हणते ते मुळात थॉमसन यांनी त्यांना १८५० साली पत्रातून कळवलेले. स्टोक्स यांनी ते १८५४ च्या एका परीक्षेत प्रश्न म्हणून घातले. त्या परीक्षेला बसलेल्या मुलांत जेम्स क्लार्क मॅक्सवेल होते. नावे अशी चिकटतात आणि अशी सुटतात.

उतारवयात मानसन्मान आले. १८८५ ते १८९० ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते, १८८७ पासून पाच वर्षे विद्यापीठाचे खासदार, १८८९ मध्ये सरदारकीचा किताब, १८९३ मध्ये कॉप्ली पदक. ल्युकेशियन आसन, खासदारकी आणि सोसायटीचे अध्यक्षपद ही तिन्ही पदे न्यूटननंतर भूषवणारे ते पहिलेच. जून १८९९ मध्ये त्यांच्या प्राध्यापकपदाची पन्नास वर्षे केंब्रिजने थाटाने साजरी केली. आपले परांजपे सीनियर रँग्लर झाले ते त्याच वर्षी. तो सोहळा सरला आणि वर्ष संपता संपता पत्नी गेली. १९०२ मध्ये ज्या कॉलेजात ते विद्यार्थी म्हणून आले होते त्याचे ते प्रमुख झाले. १ फेब्रुवारी १९०३ रोजी त्यांचे निधन झाले.

विहिरीतला कंदील

त्यांनी सोडलेले धागे पुढे कसे जुळले, ते समजायला केंब्रिजहून थेट मराठवाड्यात येऊ. बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे गाव आहे. विहिरींच्या कर्जाची पाहणी करण्यासाठी त्या भागात माझे जाणे होई. एकदा तिथे वर्षभर बंद पडलेल्या विहिरीतला गाळ काढायचा होता. तरणी पोरे उतरायला उतावीळ झाली होती, पण घरातल्या म्हाताऱ्याने त्यांना अडवले. पेटता कंदील दोराला बांधून त्याने हळूहळू खाली सोडला. पाण्यापासून पुरुषभर उंचीवर ज्योत लहान झाली आणि विझली. त्या दिवशी कोणी उतरले नाही. कुजणाऱ्या पालापाचोळ्याने प्राणवायू खाल्लेला असतो आणि जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो. अशा विहिरीत एक उतरतो, कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

म्हाताऱ्याचा कंदील म्हणजे प्रकाशाने प्राणवायू तपासणेच होते. पण हे साधन ढोबळ. हवेत साधारण २१ टक्के प्राणवायू असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते. मधले आकडे ती सांगत नाही, आणि इतर विषारी किंवा पेट घेणारे वायू असतील तर ती फसवते, जिवावरही बेतू शकते.

आता स्टोक्स यांचा धागा. १९१९ साली ओटो स्टर्न आणि मॅक्स फोल्मर यांनी चमक विझण्याचे गणित बसवले. १९३१ मध्ये हान्स काउट्स्की या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह एक विलक्षण गोष्ट दाखवली. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी निघते ना, तसल्या जेलवर त्यांनी चमकणारी रंगद्रव्ये बसवली. प्राणवायूचा अगदी अल्प अंश आला तरी त्यांची चमक मावळे. प्राणवायू काढला की ती परत येई.

कंदिलाच्या अगदी उलट! कंदील प्राणवायू संपला की विझतो. हे रंगद्रव्य प्राणवायू असला की मंदावते आणि नसला की तेजाळते. कारण असे की प्रकाश प्यालेला रंगद्रव्याचा रेणू क्षणभर ती ऊर्जा बाळगून असतो. तेवढ्यात प्राणवायूचा रेणू येऊन आदळला तर तो ती ऊर्जा काढून घेतो, आणि चमकायला काही उरत नाही. प्राणवायू जितका जास्त, तितक्या धडका जास्त आणि चमक तितकी कमी व अल्पजीवी.

यावरून १९७० च्या दशकात जर्मनीत ल्युबर्स आणि ओपिट्झ यांनी 'ऑप्टोड' हे साधन पुढे आणले. आजच्या अशा साधनात रुथेनियम किंवा प्लॅटिनम यांच्या संयुगांचे रंगद्रव्य पातळ पापुद्र्यात बसवलेले असते. एका रंगाचा प्रकाश सोडायचा, लालसर चमक परत येते, आणि ती किती मायक्रोसेकंद टिकली ते मोजायचे. दिव्याचा प्रकाश आणि चमक यांचे रंग वेगळे असतात, म्हणूनच गाळणी लावून दोन्ही वेगळे करता येतात. हे वेगळेपण म्हणजे स्टोक्स यांचे १८५२ चे विस्थापन. अमेरिकेच्या लीलंड क्लार्क यांचे १९५० च्या दशकातले विजेवर चालणारे जुने साधन मोजताना थोडा प्राणवायू खाऊन टाकी. हे खात नाही. म्हणून सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांत, मत्स्यशेतीच्या तळ्यांत, औषधे बनवणाऱ्या टाक्यांत आणि महासागरात तरंगत फिरणाऱ्या यंत्रांत ते बसले आहे.

आणि रक्ताची बाटली? ती तर आपल्या बोटावर येऊन बसली. पल्स ऑक्सिमीटरमध्ये चमकणारे रंगद्रव्य नसते. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात आणि रक्ताने त्यांतला कोणता किती शोषला यावरून प्राणवायूचा आकडा निघतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास नाडीच्या ठोक्यावर बसवलेली ही युक्ती आहे. पण लाल रक्त आणि जांभळट रक्त प्रकाशाला वेगळे वागवतात, हा तिचा पाया १८६४ चा. २०२१ च्या उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत, आशाताईंच्या पिशवीत आणि घरोघरच्या उशाशी तो चिमटा होता. आकडा नव्वदीच्या वर राहावा म्हणून आपण देव पाण्यात ठेवून बसलो होतो.

शालेय पुस्तकात तेलातल्या गोळीशेजारी कोयनेलच्या नळीलाही जागा मिळायला हवी. तोवर घरातल्या मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा. शहरातल्या दुकानात टॉनिक वॉटर मिळते. त्यात थोडे क्विनाइन असते. रात्री दिवे घालवून पेल्यातल्या पाण्यावर लहान अतिनील टॉर्च धरा, मात्र ती कोणाच्या डोळ्यांवर पडू देऊ नका. पाणी निळे उजळेल. मग स्वयंपाकघरातले मीठ चमचाभर घालून ढवळा आणि फेस बसू द्या. निळाई हळूहळू मंदावत जाईल. स्टोक्स यांनी १८६९ साली जे नोंदवले, ते तुमच्या घरातल्या पेल्यात घडलेले असेल.